उन्हाळीचा आजार : घर आणि इस्पितळ

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बावनथडी नदीच्या अलीकडे नाकाडोंगरी हे गाव आहे. भोवताली साग, पळस आणि तेंदू यांचे रान, सखल भागात धानाच्या बांध्या, आणि जवळच डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी, असा हा मुलूख आहे. रान, बांधी आणि खाण या तिन्ही ठिकाणी स्त्रियांचे हात पिढ्यान्‌पिढ्या राबत आले आहेत. रोवणीच्या दिवसांत सकाळी चिखलात उतरलेली बाई दिवस कलल्यावरच धुऱ्यावर येते. वैशाखात तेंदूची पाने तोडावयास निघालेली बाई उन्हे डोक्यावर येईपर्यंत रानातच असते. पाणी प्यावे तर मग आडोसा शोधावा लागतो, आणि आडोसा नसतो. म्हणून पाणीच बेताने प्यावे, ही युक्ती आई न बोलता मुलीला शिकविते.

या युक्तीची किंमत पुष्कळ वेळा एका आजाराच्या रूपाने द्यावी लागते. लघवीला जळजळ होते, घडोघडी जावेसे वाटते, गेल्यावर थेंबच येतात, ओटीपोट ठणकते. मराठी घरांतून या दुखण्याला 'उन्हाळी लागणे' असे म्हणतात. वैद्यकाच्या भाषेत तो मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होय. आजार लहान मानला जातो आणि बहुधा लहानच असतो. परंतु तोच वर चढून मूत्रपिंडापर्यंत पोचला, म्हणजे माणसाला खाटेवर घालून इस्पितळात न्यावे लागते. हा आजार घरी केव्हा बरा करावा आणि इस्पितळ केव्हा गाठावे, हा प्रश्न आजचा नाही. दोन हजार वर्षे तो विचारला जात आहे, आणि त्याची उत्तरे काळानुसार पालटत गेली आहेत.

प्राचीन आयुर्वेदाने या दुखण्यास 'मूत्रकृच्छ्र' असे नाव दिले. चरकाने हृदय, मस्तक आणि बस्ती, म्हणजे मूत्राशय, ही तीन प्रधान मर्मे मानली, आणि त्यांच्या चिकित्सेच्या अध्यायात मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले. बस्तीला हृदयाच्या पंक्तीस बसविणाऱ्या शास्त्राने हे दुखणे क्षुल्लक लेखले नव्हते, हे उघड आहे. सुश्रुताने मूतखडा काढण्याची शस्त्रक्रिया तपशीलवार वर्णिली आहे. औषधांनी गुण न आल्यावरच शस्त्र हाती घ्यावे, आणि यशाची खात्री नसल्यामुळे आधी राजाची अनुज्ञा घ्यावी, असे तो बजावतो. घरचा उपचार कोठे संपतो आणि मोठ्या, जोखमीच्या उपचाराला कोठे आरंभ होतो, याची रेषा आखण्याचा हा फार जुना प्रयत्न म्हणावा लागेल.

ही ग्रंथातील विद्या गावापर्यंत पोचली ती घरगुती उपचारांच्या रूपाने. 'उन्हाळी' या शब्दातच त्या काळचे निदान साठविलेले आहे. शरीरात उष्णता वाढली म्हणून जळजळ झाली, तेव्हा थंड द्यावे, असा तो विचार होता. धने-जिऱ्याचे पाणी, भिजविलेला सब्जा, वाळ्याचे पाणी आणि सराटा, म्हणजेच गोखरू, यांचा काढा हे उपचार घरोघर ठाऊक होते. झाडीच्या मुलखात पळसाला तोटा नाही. त्याची फुले शिजवून ओटीपोटावर शेक देण्याची रीत होती. या उपचारांतील गोखरूचा गुण किती आणि त्याच्याबरोबर पोटात गेलेल्या पाण्याचा किती, हा वादाचा विषय आहे. पाण्याचा गुण मात्र निर्विवाद ठरला आहे. बल्गेरियात वारंवार हा आजार होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर एक प्रयोग झाला, त्याचे फळ २०१८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी अधिक पिण्यास सांगितले होते. वर्षभरात त्यांच्यातील आजाराची आवर्तने इतरांच्या मानाने सुमारे निम्म्यावर आली. आजीबाईच्या बटव्यातील काढ्याने रोगाची खूण चुकीची सांगितली असेल, पण वाट अगदीच चुकीची दाखविली नव्हती.

तथापि त्या बटव्याची धाव मूत्राशयापर्यंतच होती. हुडहुडी भरून ताप आला, कुशीत कळ उठली, उलट्या सुरू झाल्या, म्हणजे काढ्याचे काही चालत नसे. गर्भिणीला असा ताप आला तर दोन जीव धोक्यात येत. त्यांच्या मरणाची नोंद घरात केवळ 'ताप आला आणि गेली' एवढीच राही.

उष्णतेचा सिद्धान्त एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ढळला. लघवी हे सूक्ष्म जंतूंच्या वाढीस उत्तम खाद्य आहे, हे फ्रान्समध्ये लुई पाश्चर याने दाखविले. पुढे १८८५ साली थिओडोर एशरिख या बालरोगतज्ज्ञाने लहान मुलांच्या आतड्यांतील एका जंतूचे वर्णन केले. आज त्याच्याच नावावरून त्या जंतूस 'एशेरिकिया कोलाय' म्हणतात. मूत्रमार्गाच्या बहुतेक संसर्गांचे मूळ हा जंतू होय. आतड्यात तो बहुधा निरुपद्रवी असतो. तेथून मूत्रमार्गात शिरला म्हणजे उपद्रव करतो. पुरुषाची मूत्रनलिका सुमारे २० सेंटिमीटर, तर स्त्रीची जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असते. स्त्रियांना हा आजार अधिक का होतो, याचे बरेचसे उत्तर या एका मापात आहे. यात तिच्या वागण्याचा वा चारित्र्याचा काही संबंध नाही. हे वाक्य शंभर वर्षांपूर्वीच घरोघर पोचावयास हवे होते, पण ते अद्याप पोचलेले नाही.

जंतू कळला, तसा उपचार इस्पितळाकडे सरकू लागला. कारण सूक्ष्मदर्शक यंत्र आणि प्रयोगशाळा तेथेच होती. परंतु इस्पितळ आणि स्त्री यांच्यामध्ये लाजेची भिंत उभी होती. पुरुष डॉक्टरला हे दुखणे सांगावयाचे कसे? १८८३ साली श्रीरामपूर येथील आपल्या जाहीर भाषणात आनंदीबाई जोशी यांनी हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची गरज असल्याचे आग्रहाने मांडले. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण काम हाती घेण्यापूर्वीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, क्षयाने त्यांचा अंत झाला. १८८५ साली स्थापन झालेल्या लेडी डफरिन फंडातून पुढे अनेक शहरांत स्त्रियांची इस्पितळे निघाली. ही सारी सोय शहराची होती. झाडीपट्टीतील गावाला तिचा लाभ मिळणे दुरापास्तच होते.

बरे, इस्पितळात पोचलेल्यालाही मिळे ते काय? विश्रांती, जवाचे पाणी, दूध, आणि १८९० च्या दशकात प्रचारात आलेले हेक्सामीन नावाचे औषध. आम्ल लघवीत या औषधापासून जंतुनाशक द्रव्य सुटे. सौम्य आजारात त्याचा उपयोग होई, पण मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या रोगावर ते दुबळे ठरे. खरा पालट १९३५ साली झाला. त्या वर्षी जर्मनीच्या गेरहार्ड डोमाक याने प्राँटोसिल या औषधाचे गुण प्रसिद्ध केले आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. पुढे पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन आली. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि ज्या औषधांसाठी परदेशाकडे डोळे लावून बसावे लागे ती महाराष्ट्राच्या भूमीवर तयार होऊ लागली. १९५३ साली नायट्रोफ्युरँटॉइन, १९६० च्या दशकात नॅलिडिक्सिक आम्ल आणि को-ट्रायमोक्सॅझोल, १९८० च्या दशकात नॉरफ्लॉक्सासिन, अशी पोटात घेण्याची औषधे एकामागून एक आली. ज्या आजारासाठी आठवडाभर खाट अडवावी लागे, तो तीन ते पाच दिवसांच्या गोळ्यांनी घरीच बरा होऊ लागला. उपचार घरातून इस्पितळात गेला होता. तो आता गोळीच्या रूपाने घरी परतला.

गोळी घरी आली, परंतु ती देणारा जाणता माणूस गावात कोठे होता? या प्रश्नाचा विचार स्वातंत्र्यापूर्वीच झालेला होता. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. इस्पितळाने रोग्याची वाट पाहत बसू नये, आरोग्यसेवा लोकांच्या जवळ न्यावी, हे त्या अहवालाचे सार होते. १९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. आजच्या मापाने सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी प्रदेशात २०,००० वस्तीला एक केंद्र असावे, असा दंडक आहे. त्याखाली उपकेंद्रे, आणि त्यावर ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये, अशी ही उतरंड आहे. नागपुरास १९४७ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यामुळे विदर्भापुरती या उतरंडीची वरची पायरीही तयार झाली.

खाणींच्या बाबतीत कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. मध्यप्रांतातील मँगनीजचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटिश कंपनीच्या हाती होता. १९६२ साली त्यातून मँगनीज ओअर इंडिया ही सरकारी भागीदारीची कंपनी निर्माण झाली. तत्पूर्वी, १९५२ च्या खाण कायद्यात दोन साधी कलमे घातली गेली होती. एकात कामगारांना पिण्याचे थंड व शुद्ध पाणी पुरविण्याचे, आणि दुसऱ्यात स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळे संडास व मुताऱ्या ठेवण्याचे बंधन मालकावर घातले होते. ही कलमे आरोग्याच्या पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. तरीही या आजारापुरते पाहिले तर ती एखाद्या औषधाइतकीच मोलाची आहेत. धानाच्या बांधीत राबणाऱ्या आणि तेंदूची पाने तोडणाऱ्या बाईला मात्र असे कलम नाही. तिच्यासाठी बांधीचा धुरा आणि रानातले झुडूपच आहे.

एवढी उतरंड उभी राहूनही एक गोष्ट जागची हलली नाही, आणि ती म्हणजे लाज. ती किती खोल आहे, याचा पुरावा विदर्भातूनच जगापुढे आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था उभी केली. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांपैकी शेकडा ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी एक वा अधिक रोग होते. सरासरीने एकीला तीनांहून अधिक. यांतील निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. आणि अशी तपासणी पूर्वी कधी तरी झालेल्या स्त्रिया होत्या शेकडा केवळ ८. ती पाहणी मुख्यतः स्त्रीरोगांची होती, मूत्रमार्गाची नव्हे, हे खरे. परंतु दोन्ही दुखण्यांवर मौनाचा पडदा एकच आहे. 'बायकांचे असेच असते' या तीन शब्दांनी दोन्ही झाकली जातात.

याच गडचिरोलीतून दुसरा धडाही मिळाला. गावातील थोडे शिकलेली बाई नीट शिकविली तर कठीण रोगही ओळखते आणि त्यावर उपचार करते, हे तेथे सिद्ध झाले. नवजात बालकांना होणाऱ्या जंतुदोषावर ३९ गावांतील शिकविलेल्या आरोग्यदूतांनी घरी जाऊन औषध दिले. त्याचा वृत्तान्त १९९९ साली प्रसिद्ध झाला तेव्हा, उपचार न मिळालेल्या गावांच्या तुलनेत नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक उतरल्याचे दिसून आले. इस्पितळात गेल्यावाचून ज्यांना वाचविता येणार नाही असे मानले जाई, ती बालके आईच्या कुशीत वाचली. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव 'आशा' कार्यकर्ती नेमली, तिच्या कामाला या अनुभवाचे पाठबळ लाभले.

उन्हाळीच्या आजारात तर रोगी स्वतःच बहुधा अचूक निदान करते. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हा आजार पूर्वी वारंवार झालेल्या स्त्रियांनी 'तोच पुन्हा झाला' असे ओळखून सांगितले. तपासणीअंती दहांपैकी आठांहून अधिक वेळा ते खरे ठरले. म्हणजे निदान करणारी घरातच आहे. उणीव आहे ती तिचे म्हणणे ऐकून घेणाऱ्याची.

ऐकणारा कोणी नसला म्हणजे बाई, किंवा तिच्या वतीने घरातील पुरुष, औषधाच्या दुकानी जातो. दुकानदार दोन गोळ्या देतो. जळजळ थांबते, म्हणून तिसरी गोळी घेतली जात नाही. काही जंतू मरतात; जे उरतात ते त्या औषधाला सरावलेले असतात. असे लाखो घरांत, वर्षानुवर्षे घडत गेले. को-ट्रायमोक्सॅझोल आणि नॉरफ्लॉक्सासिन यांचा पूर्वीचा भरवसा त्यामुळे राहिला नाही. २००८ साली भारतातून स्वीडनला परतलेल्या एका रोग्याच्या लघवीत असा जंतू सापडला, की ज्यावर अखेरचे म्हणून राखून ठेवलेले औषधही चालेना. त्याच्या अंगच्या या शक्तीला दिल्लीचे नाव पडले आणि त्यावरून मोठा वादही झाला. लघवीच्या साध्या दुखण्याने सारे जग खडबडून जागे झाले, ते असे. सरकारने १ मार्च २०१४ पासून काही प्रबळ औषधांसाठी वेगळी नोंदवही ठेवण्याचे बंधन दुकानदारावर घातले. नायट्रोफ्युरँटॉइन हे सत्तर वर्षांचे जुने औषध पुन्हा मानाने वापरात आले आहे, आणि फॉस्फोमायसीनचा आधार घेतला जात आहे. ही दोन्ही मूत्राशयापुरतीच भरवशाची आहेत. रोग मूत्रपिंडात पोचला तर पुष्कळदा शिरेतून औषध द्यावे लागते. जी गोळी उपचार घरी घेऊन आली, तिच्या गैरवापराने उपचार पुन्हा इस्पितळाच्या खाटेकडे निघाला आहे.

आणि ती खाटही सर्वस्वी निर्धोक नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या फ्रेडरिक फोली याने मूत्राशयात टिकून राहणारी रबरी नळी प्रचारात आणली. तिने असंख्य रोग्यांना दिलासा दिला. परंतु ही नळी जितके दिवस आत राहील तितका नव्या संसर्गाचा धोका वाढतो, असा इस्पितळांचा अनुभव आहे. यास्तव गरज नसता रोग्यास दाखल करणे हे गरज असता न करण्याइतकेच चुकीचे होय.

तर मग रेषा कोठे ओढावी? वैद्यकाचे आजचे उत्तर समजण्यास कठीण नाही. धडधाकट, गर्भार नसलेल्या स्त्रीला ताप नसता केवळ जळजळ होत असेल, तर जाणत्याच्या सल्ल्याने, नेमून दिलेले औषध पुरे दिवस घेऊन, भरपूर पाणी पिऊन, ती घरीच बरी होते. परंतु थंडी वाजून ताप, कुशीत वा पाठीत कळ, उलट्या, लघवीतून रक्त, किंवा लघवी बंद होणे, यांपैकी एकही खूण दिसली तर वाट पाहू नये. तान्हे मूल, वयोवृद्ध, मधुमेही, मूतखड्याचा रोगी आणि कोणताही पुरुष यांच्या बाबतीत आजार साधा न मानता डॉक्टरला दाखवावे. गर्भिणीची गोष्ट तर याहून निराळी आहे. तिच्या लघवीत जंतू असूनही जळजळ होत नाही, असे घडते. उपचार न केल्यास अशा दहांपैकी दोन ते चार जणींचा रोग मूत्रपिंडापर्यंत चढतो. म्हणून गर्भारपणी काही दुखत नसले तरी लघवी तपासून घ्यावयाची असते. अमेरिकेच्या एडवर्ड कास याने १९५० च्या दशकात ही गोष्ट आग्रहाने मांडली, तेव्हापासून किती माता वाचल्या असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

दोन हजार वर्षांच्या या इतिहासात उपचाराचे स्थान अनेकदा पालटले. काढ्याच्या काळी तो घरात होता, सूक्ष्मदर्शकाच्या काळी इस्पितळात गेला, गोळीच्या काळी घरी परतला, आणि आता पुन्हा उंबरठ्यावर उभा आहे. या साऱ्या येरझारांत एक गोष्ट कायम दिसते. ज्या काळी दुखणे वेळेवर बोलले गेले आणि ऐकणारा जवळ होता, त्या काळी थोड्या औषधाने काम भागले. जेथे ते दडविले गेले, तेथे मोठे इस्पितळही अपुरे पडले. बांधीत रोवणी करणाऱ्या बाईला मोठ्या शहराच्या आधी एक भरलेली पाण्याची घागर, एक आडोसा, आणि 'काय होते आहे?' असे न लाजविता विचारणारी एक शहाणी शेजारीण हवी आहे. शिरेतून द्यावयाच्या औषधाशी तुलना केली तर या तिन्ही गोष्टी स्वस्त आहेत. आणि ज्या दिवशी त्या मिळतील, त्या दिवशी खाटेवर घालून इस्पितळाच्या वाटेला लागणाऱ्यांची संख्या आपोआप घटलेली दिसेल.